घसरणारा मागे पडतो

दि. २६ एप्रिल, रविवार
दुपारी, भांडी आवरून झाल्यावर

जावईबापूंना आशीर्वाद.

आशीर्वाद वयाच्या मानाने देते आहे, मनापासून देते आहे असा गैरसमज करून घेऊ नका. इकडे आम्ही तिघी बऱ्या आहोत. माझे गुडघे दुखतात, पण ते लेकीच्या लग्नाआधीही दुखत होते, म्हणजे त्यात तुमचा काही हात नाही. तुम्ही ठणठणीत असालच. तुमच्यासारख्यांना साधी सर्दीसुद्धा होत नाही, हे मी जन्मभर बघत आले.

तुमचं पत्र पोचलं. पाकीट हे एवढं जाड, आणि आत काय, तर दोन मागण्या. एक, तुमचं इथे राहिलेलं सामान परत करावं. दुसरी, भिंगरीला सुट्टीभर तुमच्याकडे पाठवावं, चार मेच्या सोमवारी सकाळच्या बसमध्ये बसवून द्यावं, तुम्ही स्टँडवर उभे असाल. शिवाय खाली रेघ मारून लिहिलंत की 'मुलीला बापाचं वळण लागलं पाहिजे'. हे वाक्य मी मोठ्याने दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा इतकं हसू आलं की चहा नाकात गेला.

दुसऱ्या मागणीचं मागाहून. भिंगरीने बॅग केव्हाच भरून ठेवली होती, तुम्ही घेतलेला निळा फ्रॉक सगळ्यात वर, चुरगळू नये म्हणून. तुमच्याकडे तिला स्वतःची खोली मिळणार, खिडकीतून मैदान दिसणार, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली होती. तिची आईही 'जाऊ दे' म्हणाली होती. मी काहीच म्हटलं नव्हतं. पण ते मागाहून. आधी सामानाचं उरकते, कारण त्यात मला सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि मला सध्या इतकी मजा येतेय म्हणून सांगू!

तर झालंय असं, की मी विज्ञान शिकते आहे.

हसा. तुम्ही हसणार हे धरूनच लिहिलंय. शाळेत मी दुसरीपर्यंत गेले, पुढचं माझं शिक्षण धाकट्या भावंडांना कडेवर घेण्यात झालं. पण भिंगरीच्या शाळेत प्रयोगाच्या खोलीला कुलूप आहे आणि किल्लीवाला कारकून कायम जागेवर नसतो. म्हणून त्यांच्या विज्ञानाच्या बाईंनी एक युक्ती काढली. प्रयोग घरी करा, घरातल्याच वस्तूंनी करा, आणि घरातल्या सगळ्यात कमी शिकलेल्या माणसाला समजावून सांगा. त्याला समजलं तर तुम्हाला समजलं, नाही तर पुन्हा करा. आता आमच्या घरात हा मान कुणाचा, यावर वाद व्हायचं कारणच नव्हतं. मी लगेच पदर खोचून बसले.

आणि घरातल्या वस्तू म्हणाल तर लेकीच्या सामानाबरोबर इकडे आलेली तुमची पेटी पलंगाखाली होतीच. मला वाटलं, एवढी वर्षं फुकट जागा अडवून बसलीय, मालकासारखीच, निदान आता तरी कामाला येईल.

पहिल्यांदा तुमचा डंबेल. भिंगरी म्हणाली, "आजी, हा डंबेल आणि हा बटाटा गॅलरीतून एकदम सोडला तर आधी कोण खाली पोचेल?"

मी म्हटलं, "डंबेल. हे काय विचारणं झालं?"

"पैज?"

"पैज."

तिने आधी वाकून बघितलं, खाली कुणी नाही ना ते. मग सोडले दोन्ही. खालच्या बागेतल्या मातीत एकच आवाज आला, धप्प! मी म्हटलं, तू बटाटा आधी सोडलास. तिने पुन्हा जाऊन वर आणले, पुन्हा सोडले. पुन्हा एकच धप्प. तिसऱ्यांदा मी माझ्या हाताने सोडले, कारण माझ्यावर माझा विश्वास आहे. तरीही तेच! तेवढ्यात खालचे पेन्शनर, ज्यांची ती बाग, ते बनियनवर बाहेर आले.

"आजीबाई, वरून काय पडतंय हे?"

"गुरुत्वाकर्षण!" मी म्हटलं.

"ते तुमच्या घरातच पाडा ना!"

"घरात उंची पुरत नाही."

ते पुटपुटत आत गेले. पण नंतर वर आले आणि बटाटा परत करताना हळूच विचारलं, खरंच एकदम पडतात का हो? मग त्यांनाही दाखवलं. असा तो आनंद. भिंगरी म्हणते, पृथ्वी मोठ्याला मोठा म्हणून लवकर बोलावत नाही. वाटेत वारा आडवा आला नाही तर सगळे सारख्याच वेगाने खाली. मला हे फार आवडलं. म्हणजे उद्या तुम्ही आणि कचऱ्याची पिशवी गच्चीवरून एकदम सुटलात, तर एकदमच पोचाल. मी हे भिंगरीसमोर बोलले नाही. तेव्हा ती तुमच्या विरुद्ध एक शब्द ऐकून घेत नव्हती.

डंबेलला माती लागलीय. पुसलेली नाही.

मग जडत्व. तुम्हाला ठाऊक आहे का जडत्व? नसणार. तुम्ही स्वतः त्याचा नमुना आहात, आणि नमुन्याला आपलं नाव कुठे माहीत असतं. जी वस्तू पडून आहे ती पडूनच राहणार, बाहेरून कुणी बळ लावीपर्यंत. लग्नानंतर सुट्टीच्या दिवशी तुम्ही ज्या सोफ्यावर दुपार काढायचात, तो सोफा आणि तुम्ही, दोघांनाही हा नियम एकसारखा लागू. आणि जी वस्तू चालली आहे ती चालतच राहणार. म्हणून बसने ब्रेक मारला की बस थांबते, पण आपण थांबत नाही. परवा दवाखान्यातून येताना ड्रायव्हरने असा करकचून ब्रेक मारला की मी सरळ पुढच्या जाड्या गृहस्थाच्या पाठीवर. तो म्हणाला, "अहो, जरा सांभाळून!" मी म्हटलं, "मी सांभाळूनच होते, माझं जडत्व सुटलं." अख्खी बस हसली. एका कॉलेजच्या पोरीने तर टाळी वाजवली. गेल्या कित्येक वर्षांत माझ्या बोलण्यावर कुणी टाळी वाजवली नव्हती.

तर तुमचा तो कमरेचा पट्टा. वजन उचलताना बांधायचात तो. तो आम्ही घर्षणाला वापरला. फरशीवर, चटईवर, ओल्या मोरीत, सगळीकडे ओढून बघितला. ओल्या फरशीवर सुळकन जातो, चटईवर अडतो. त्याचं चामडं आता एका बाजूने खरवडलंय. तेवढं कमी-जास्त चालवून घ्या.

आता तुमच्या मानाची गोष्ट. भिंगरी म्हणाली, "आजी, भिंतीला दिवसभर ढकललं आणि भिंत हलली नाही, तर विज्ञानात त्याला काम केलं असं म्हणत नाहीत." मी म्हटलं, "घाम आला तरी?" म्हणाली, "घाम आला तरी. वस्तू हलली पाहिजे." मी विचार केला आणि विचारलं, "आणि एखाद्याने मोठं वजन डोक्यावर उचलून नुसतं धरून ठेवलं, लोक टाळ्या वाजवतायत, तो थरथरतोय, लाल झालाय, तर?" ती म्हणाली, "उचलताना काम झालं. पण नुसता धरून उभा राहिला, तेवढ्या वेळाचं काम शून्य."

शून्य, जावईबापू! मी हे तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. ज्यावर तुमचं सगळं आयुष्य उभं, ज्याच्यासाठी रोजची अंडी आणि दूध आणि घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, त्याला शास्त्रात शून्य म्हणतात. मी त्या रात्री इतकी गाढ झोपले की लेक उठून बघून गेली, आहे ना म्हणून.

बघा, मी किती बोलतेय. तुम्ही म्हणाल म्हातारी मुद्द्यावर येत नाही. मला यायचं नाहीच आहे खरं तर. पण सामानातला चषक राहिला, आणि चषकाचं सांगायचं तर बाकीचं सांगावंच लागतं.

तुमचा तो पितळी चषक. वर वजन उचलणारा माणूस, छाती पुढे, पाय बारके. बनवणाऱ्याने तुम्हाला बघूनच बनवला असणार. वर जड, खाली हलका, जरा हात लागला की आडवा. भिंगरीने तो मुद्दाम निवडला. पडण्याचा धडा होता. तिने टेबलावर टॉवेल पसरला, त्यावर माणूस उभा केला आणि टॉवेल पुढे ओढला. माणूस मागे पडला, पाठीवर. "का?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, "पाय पुढे गेले, डोकं जिथल्या तिथे राहिलं." ती नाचायलाच लागली. मग उभा करून वरून बोटाने ढकलला. तोंडावर पडला. "आणि आता का?" मी म्हटलं, "डोकं पुढे गेलं, पाय जिथल्या तिथे राहिले." तिने मला मिठीच मारली. माझ्यासारखी हुशार आजी अख्ख्या वर्गात कुणाला नाही म्हणाली.

लेक तिथेच इस्त्री करत होती. ती आता शिवणाच्या दुकानात कापड बेतते, घरीही थोडं आणते. उजवं मनगट वाकडंच जुळलंय, त्यामुळे इस्त्री डाव्या हाताने. डब्याची झाकणं मी उघडून देते. हे तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही विचारलंही नाहीत कधी.

भिंगरीने मग पुस्तकांची पायरी केली. एकावर एक रचली, उतरती. म्हणाली, "आता आपण आईचा जिना करू. आईचा पाय घसरला होता ना."

मला वाटलं तिला थांबवावं. तुमच्या जुन्या बिल्डिंगच्या त्या जिन्याचा विषय आमच्या घरात निघत नाही. हॉस्पिटलातून लेक माझ्याकडे आली ती थोडे दिवस विश्रांतीला म्हणून, आणि राहिली. कुणी विचारलं की एकच उत्तर, पाय घसरला, पायरी ओली होती. डॉक्टरांना तुम्हीही हेच सांगितलंत, मी शेजारीच उभी होते. तुम्ही आतल्या खोलीत होतात, आवाज ऐकून धावत आलात, असं तुम्ही म्हणालात. ती पडून होती म्हणून तुम्हीच बोललात. तिच्या तोंडाला टाके होते.

भिंगरीने टॉवेल ठेवला, माणूस ठेवला, टॉवेल ओढला. माणूस मागे पडला आणि पायऱ्यांवरून बसल्या बसल्या घसरत खाली आला. तिने तो उचलला. पुन्हा उभा केला, पुन्हा ओढला, आणखी जोरात. पुन्हा बुडावरच. मग फरशीवर पाणी शिंपडतात तसं पुस्तकावर शिंपडायला निघाली, मी हात धरला.

"आजी, घसरणारा माणूस मागे पडतो."

"हो."

"मग आईचे पुढचे दात कसे पडले?"

मी काय सांगू? मी टॉवेलची घडी घालायला घेतली. तुम्ही मला ओळखता, मी गप्प बसणाऱ्यांतली नाही.

"आणि हात दोन्ही कसे मोडले? पुढे टेकले तरच मोडतील ना?" ती स्वतःशीच बोलत होती. तिला काही शोधायचं नव्हतं हो, खरंच सांगते. तिचा प्रयोग चुकत होता, आणि प्रयोग चुकला की तिला जेवण जात नाही. "आजी, मी काहीतरी चुकीचं करतेय."

तेव्हा लेकीने इस्त्री उभी करून ठेवली. बटण बंद केलं. टेबलापाशी आली. तो माणूस उचलून पुस्तकांच्या अगदी वरच्या कडेला उभा केला, तोंड खालच्या बाजूला. आणि मागून, दोन खांद्यांच्या मधोमध, एका बोटाने ढकलला.

तो एकाही पायरीला न लागता सरळ फरशीवर तोंडावर आपटला. तुमच्या चषकाचं डोकं तुटलं ते तेव्हा. मी शोधलं, कपाटाखाली गेलंय, निघत नाही.

"असं," लेक म्हणाली.

भिंगरीने फरशीवरचा माणूस उचलला. "कुणी?"

"मी चपला घालत होते. आजीकडे निघाले होते, तुला घेऊन जायला परत येणार होते."

"आई, कुणी?"

"तू पलंगावर झोपली होतीस. घरात आणखी कोण होतं, तूच सांग."

जावईबापू, माझ्या लेकीने एवढी वर्षं हे तोंडातून काढलं नाही. मलासुद्धा सांगितलं नाही. मी आईच आहे, मी ते टाके बघूनच ओळखलं होतं, पण तिने सांगितल्याशिवाय मी ते बोलायचं कसं? ती गप्प राहिली ती तुमच्या अब्रूसाठी नाही. तुमची अब्रू आमच्या घरात पायपुसण्याच्याही कामाची नाही. पोरीला एक बाप असावा, एवढ्यासाठी ती गप्प राहिली. तुमचा मोठेपणा मुलीच्या डोळ्यांत जो काही होता, तो तुमच्या स्नायूंनी मिळवलेला नव्हता. तो माझ्या लेकीने दिलेला होता, तोंड बंद ठेवून, मोडक्या हाताने.

पोर रडेल असं मला वाटलं होतं. रडली नाही. पायरीतलं विज्ञानाचं पुस्तक काढून तिने एका पानावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "आजी, यात तिसरा नियम आहे. आपण एखाद्याला जेवढ्या बळाने ढकलतो, तेवढंच बळ उलट आपल्या हाताला लागतं."

मी म्हटलं, "मग?"

"मग बाबांच्या हाताला कळलं असणार. आई पडतेय हे त्यांच्या हाताला सगळ्यात आधी कळलं असणार."

मला यातलं सगळं शास्त्र समजलं असं नाही. पण हे समजलं. बाई म्हणतात ना, सगळ्यात कमी शिकलेल्या माणसाला समजलं म्हणजे झालं.

त्यानंतर तिने तिच्या आईचं मनगट हातात घेतलं आणि ते कुठपर्यंत वळतं ते बघितलं. हळूच, कुठे दुखतं का विचारत. लेक म्हणाली, "आता नाही दुखत." भिंगरी म्हणाली, "खोटं." आणि दोघी एकदम हसल्या. या घरात मी पुष्कळ हसणं ऐकलं असेल, पण तसं कधी ऐकलं नव्हतं. म्हणून सांगते, इकडे आम्ही खुशीत आहोत. वर लिहिलं ते उगाच लिहिलेलं नाही. माझं हसू येणं, टाळ्या, पैजा, सगळं खरं आहे. घरातून एक दुर्गंधी गेली की हवा गोड लागते, तसं झालंय.

तुमची पेटी खालच्या वॉचमनकडे ठेवली आहे, दोरी बांधून. कुणालाही पाठवा, स्वतः वर येऊ नका. दार मी उघडणार, आणि माझं वय झालंय, तोंडावर ताबा राहिलेला नाही.

आता तुमची दुसरी मागणी. काल भिंगरीने बॅग स्वतः रिकामी केली. मी मदतीला गेले तर नको म्हणाली. कपडे कपाटात लावले, निळा फ्रॉकसुद्धा. फेकला नाही. त्यावरून तुम्ही काही आशा धरू नका, फ्रॉकचा काही दोष नाही असं ती म्हणाली. तुमच्यासाठी तिचा निरोप आहे, तिच्याच शब्दांत देते, माझं एक अक्षर त्यात नाही: "बाबांना लिही, आई पडली तेव्हा ते कुठे उभे होते, ते त्यांनी मला पत्राने कळवावं. खोटं लिहिलं तर मला कळेल."

आणि तिला कळेल, जावईबापू. तिच्या आईला तुम्हाला फसवता आलं नाही, मला फसवता आलं नाही, ही तर मुळीच फसणार नाही. तेव्हा लिहायला बसाल तेव्हा जरा वेळ घेऊन बसा. काम म्हणतात ते याला.

लेकीला हे पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं निम्मं खोडायला सांगेल. ती ऐकत शिवणाचे धागे तोडत बसली होती. शेवटी म्हणाली, "आई, पाकिटावर पत्ता नीट घाल. परत यायला नको."

कळावे असं शेवटी लिहायची रीत आहे. तुम्हाला कळेल याची मला खात्री नाही, पण लिहून ठेवते: चार तारखेला, सोमवारी, स्टँडवर जाऊ नका. त्या बसमधून तुमचं कुणी उतरणार नाही.

तुमच्या मुलीची आजी,
आणि तुम्ही जिला ढकललंत तिची आई